वडील ७६ वर्षांचे, गुदाशयाचा कॅन्सर: ऑपरेशन दुर्बिणीतून करावं की पोट उघडून?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. आमचे दादा, म्हणजे वडील, ७६ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, २००७ साली निवृत्त झाले. गाव विट्याजवळ. अजूनही सकाळी मळ्यापर्यंत चालत जाऊन येतात.

फेब्रुवारीपासून संडासातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून चार महिने मलमावर काढले. याचा मला आता फार त्रास होतो, पण ते जाऊ दे. जूनमध्ये कोलोनोस्कोपी केली तर गुदद्वारापासून ७ सेंमीवर गाठ. बायोप्सीत कॅन्सर आला. एमआरआयमध्ये टी-३ (म्हणजे गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे गेलेली) आणि दोन नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, संशयास्पद. सीटीत लिव्हर आणि फुप्फुसं साफ. शुगर १५ वर्षांपासून, गोळ्यांवर. तीन वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट टाकलाय, इकोत हृदयाची पंपिंगची ताकद ५० टक्के. वजन ६१ किलो, त्यात सहा किलो या वर्षातच उतरलंय.

आधी पाच दिवस शेक (रेडिएशन) द्यायचा, मग सहा-आठ आठवडे थांबून ऑपरेशन, इथपर्यंत सगळ्या डॉक्टरांचं एकमत आहे. पुढे दोन मतं. कोल्हापूरचे सर्जन म्हणाले, "दुर्बिणीला वेळ लागतो. या वयात भूल जितकी कमी तितकं बरं. मी पोट उघडून करतो." पुण्याचे सर्जन म्हणाले, "वयस्कर माणसाला तर दुर्बीणच. लवकर उठून बसतील."

चुलते म्हणतात या वयात चाकूच लावू नका. आई एकच विचारते, पोटावर संडासाची पिशवी लागणार का. दादा काही विचारत नाहीत, फाईल बघितली की उठून मळ्यात जातात. ज्यांच्या घरात हे झालं असेल त्यांनी सांगा, काय केलंत आणि काय झालं?

गोदाकाठचा_पोरगा

आमच्या नानांचं गेल्या वर्षी नाशिकला झालं, ८१ व्या वर्षी. पोट उघडूनच. अकराव्या दिवशी घरी आले, पण पहिले पाच दिवस खोकायला मागत नव्हते, इतकं दुखायचं. आता ठीक आहेत. चुलत्यांना सांगा, ऑपरेशन न करता गाठ तशीच राहिली तर संडास बंद होऊन रात्री-अपरात्री इमर्जन्सीत पोट उघडायची वेळ येते. आमच्या शेजारच्या काकांचं तसं झालं, आणि ते वाचले नाहीत.

निवृत्त_ओटी_सिस्टर

येरळाकाठ, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी ३१ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर होते, त्यातली शेवटची चौदा पोटाच्या ऑपरेशनांच्या टेबलावर. दोन्ही प्रकार समोर उभं राहून बघितलेत, हातात हत्यारं दिलीत. शिवाय माझ्या सासूबाईंचं ७९ व्या वर्षी हेच ऑपरेशन झालं. म्हणून जरा लांबण लागेल, पण सगळं वाचा.

तुमचे दोन्ही सर्जन आपापल्या जागी खरं बोलतायत. आत जे करायचं ते दोन्हीकडे एकच असतं. गुदाशयाच्या भोवती चरबीचं एक वेष्टण असतं, त्यातच नोड असतात. ते वेष्टण कुठेही न फाडता अख्खं काढायचं. बिल हील्ड नावाच्या इंग्रज सर्जननी हे १९८२ मध्ये मांडलं, आणि त्यानंतर गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. आमचे सर नमुना बाहेर आला की ट्रेमध्ये पालथा करायचे आणि बोट फिरवून बघायचे. काम चांगलं झालं असलं की मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत, दोन फुगवट्यांची दिसते. कुठे खळगा पडला असला, खालचा स्नायू उघडा दिसला, की सर गप्प व्हायचे. मग आम्हीही गप्प. कॅन्सरच्या दृष्टीने खरी परीक्षा त्या ट्रेमध्ये असते. तो नमुना पाच-सहा सेंमीच्या चिरेतून निघाला की वीस सेंमीच्या, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

आता दुर्बीण. लोकांना वाटतं काही कापतच नाहीत. चार-पाच भोकं असतात आणि नमुना काढायला पाच-सहा सेंमीची एक चीर द्यावीच लागते. पोटात कार्बन डायॉक्साइड भरून ते फुगवतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. आतडी छातीकडे सरकून ओटीपोट मोकळं व्हावं म्हणून टेबल डोक्याच्या बाजूला उतरतं करतात. माणूस तीन-चार तास, कधी जास्त, असा डोकं खाली ठेवून असतो. गॅस खालून रेटतोय, आतडी फुप्फुसांवर चढलीयत, रक्त डोक्याकडे येतंय. कोल्हापूरच्या डॉक्टरांची काळजी ही आहे, आणि ती उगाच नाही. पण भूलतज्ज्ञ त्या वेळी स्क्रीनवरून नजर हलवत नाहीत. बीपी पडलं की "टेबल सरळ करा" म्हणतात आणि सर्जनला हात थांबवावा लागतो. गॅसचा दाब कमी करूनही काम चालतं. ५० टक्के इको आणि तीन वर्षांपूर्वीचा स्टेंट असलेली माणसं मी या टेबलावरून उठून गेलेली पाहिली आहेत. फुप्फुसं अगदीच कमजोर असली तर मात्र हिशेब बदलतो.

उघडं ऑपरेशन साधारण तासभर लवकर होतं. पण त्याची किंमत नंतर मोजावी लागते. नाभीच्या वरपासून खाली हाडापर्यंत चीर असली की म्हातारं माणूस खोकत नाही. खोकलं नाही की कफ साठतो, चौथ्या दिवशी ताप येतो, मग न्यूमोनिया. वर गोदाकाठच्या दादांनी लिहिलंय ते हेच. दुर्बिणीचं माणूस दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसतं. खांदा दुखतो म्हणून कुरकुरतं (तो गॅसमुळे दुखतो, एक-दोन दिवसांत जातो), पण खोकतं.

एक अडचण मात्र तुमच्या दादांना लागू आहे. पुरुषांचं ओटीपोटाचं हाड अरुंद असतं, नरसाळ्यासारखं. ७ सेंमीवरची गाठ म्हणजे त्या नरसाळ्याच्या खालच्या अर्ध्यात. तिथे लांब हत्यारं एकमेकांना अडतात. शेक दिलेल्या जागेतून पाणी पाझरत असतं, कॅमेऱ्याची काच सारखी धुरकट होते. गरम सलाइनच्या थर्मासमध्ये बुडवून, पुसून परत द्यायची हे आमचं काम, एका ऑपरेशनात तीस-तीस वेळा. मुरलेला सर्जन यातून शांतपणे वाट काढतो. महिन्या-दोन महिन्यांतून एखादं करणारा तासन्तास झगडतो आणि शेवटी पोट उघडतो. म्हणजे दोन्हीचा त्रास एकाच माणसाला. म्हाताऱ्या पेशंटला सगळ्यात महाग पडलेलं मी हेच बघितलंय.

म्हणून माझं मत सरळ सांगते. मळ्यापर्यंत चालत जाणारा, अंगाने बारीक माणूस आहे. सर्जन गुदाशयाची ऑपरेशनं नेमाने दुर्बिणीतून करत असतील तर दुर्बीण घ्या. पुण्याच्या डॉक्टरांना तोंडावर विचारा: वर्षाला गुदाशयाची किती करता, आणि त्यातली किती मध्येच उघडावी लागतात? चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही, आकडा सांगतो. आकडा आला नाही, तर कोल्हापूरच्या सरांच्या सराईत हाताने उघडून करून घेतलेलं मला जास्त पसंत. आणि संमतीपत्रावर सही करताना मनाची तयारी ठेवा की गरज पडली तर ते उघडतील. लवकर घेतलेला तो निर्णय शहाणपणाचा असतो.

आमच्या सासूबाईंचं उघडूनच केलं. आधीची दोन सिझेरियन, गर्भपिशवी काढलेली, आतडी चिकटलेली, आणि चुलीपुढे आयुष्य गेलेलं, त्यामुळे दमा. डोकं खाली ठेवून चार तास त्यांना झेपलं नसतं. ऑपरेशन छान झालं. पण दुसऱ्या रात्री त्या भ्रमिष्टासारख्या झाल्या. सलाइन उपटली, मला ओळखेनात, "म्हैस सुटलीय" म्हणून पलंगावरून उतरायला लागल्या. मी तीस वर्षांची सिस्टर, पण त्या रात्री माझे हात कापत होते. पहाटे लक्षात आलं. ऑपरेशनला नेताना काढलेला चष्मा आणि कानाचं मशीन कुणीतरी लॉकरमध्ये ठेवलं होतं. दोन दिवस बाईला नीट दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, आणि खोलीला खिडकी नव्हती. चष्मा-मशीन घातलं, सकाळी खिडकीशी बसवून चहा दिला, तारीख-वार सांगितला. संध्याकाळपर्यंत निम्म्या जाग्यावर आल्या. तुमच्या दादांचा चष्मा, कवळी, कानाचं मशीन, काय असेल ते शुद्धीवर आल्या आल्या त्यांना मिळेल असं बघा. रात्री घरचंच माणूस जवळ ठेवा, आवाज ओळखीचा हवा.

आता या सहा-आठ आठवड्यांत काय करायचं. हे दुर्बीण की उघडं यापेक्षा कमी महत्त्वाचं समजू नका. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आणा. लोक ते फुंकतात. ते फुंकायचं नसतं, ओठांत नळी धरून श्वास आत ओढायचा असतो. तासाला दहा वेळा, आत्तापासून. चालणं वाढवा. वजन उतरलंय, तेव्हा रोज अंडी, दही, डाळ, चालत असेल तर चिकनचं पाणी नको, चिकनच. हिमोग्लोबिन बघून घ्या, चार महिने रक्त गेलंय. कमी असेल तर शिरेतून लोह देतात. स्टेंटची रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बंद करू नका. आणि घरी आल्यावर पोटात टोचायची हेपरिनची इंजेक्शनं साधारण महिनाभर असतात. पायात गुठळी होऊ नये म्हणून. बरं वाटलं की लोक ती सोडतात. सोडू नका.

पिशवीबद्दल आईंना काय सांगायचं ते लिहिते, आधी जेवण उरकते.

येरळाकाठ

ताई, तुमचं लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हशीचं ऐकून ती रडली. आमच्यात कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. दादांना वरचा दातांचा सेट आहे, चष्मा आहे. लिहून ठेवलं.

सातारा_ते_मँचेस्टर

मी इथे मँचेस्टरला सर्जरीत रजिस्ट्रार (शिकाऊ सर्जन) आहे. सिस्टरांनी टेबलाजवळून जे सांगितलं तेच मोठ्या चाचण्यांत दिसतं, म्हणून आकडे देतो.

सगळ्यात मोठ्यांपैकी एक म्हणजे युरोपातून चालवलेली कलर-२ ही चाचणी. ८ देशांतली ३० हॉस्पिटलं, १०४४ पेशंट. तीन वर्षांनी गाठ त्याच भागात परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्के. दुर्बिणीला २४० मिनिटं, उघड्याला १८८. रक्त निम्मं गेलं, २०० मिलिलिटर विरुद्ध ४००. हॉस्पिटलातून सुटी साधारण एक दिवस आधी. मात्र एकूण गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच, ४० आणि ३७ टक्के. दुर्बीण घेतली म्हणजे काहीच होणार नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कोल्हापूरच्या सर्जनांच्या बाजूनेही पुरावा आहे. २०१५ मध्ये अमेरिका-कॅनडाची आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची अशा दोन चाचण्या आल्या. सिस्टर म्हणतात त्या ट्रेमधल्या नमुन्यालाच त्यांनी गुण दिले. नमुना सर्व निकषांवर उतरला असं दुर्बिणीत दोन्हीकडे ८२ टक्क्यांच्या आसपास आलं, उघड्यात ८७ आणि ८९. त्यामुळे बरीच खळबळ झाली. पुढे दोन वर्षांनी बघितलं तेव्हा जगण्यात आणि आजार परत येण्यात ठाम फरक निघाला नाही.

आणि सराईतपणाचं म्हणाल, तर मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण बघा. ब्रिटनमध्ये १९९६ ते २००२ च्या चाचणीत, दुर्बीण नवीन असताना, गुदाशयाच्या पेशंटमध्ये ३४ टक्के. कलर-२ मध्ये १७. दक्षिण कोरियात मुरलेल्या सर्जनांनी ३४० जणांवर चाचणी केली, त्यात दुर्बिणीच्या १७० पैकी फक्त २.

एक खबरदारी. या चाचण्यांतल्या लोकांचं सरासरी वय साठीच्या आसपास होतं. ७५ च्या पुढचे, त्यातही हृदयाचे पेशंट, फार थोडे. म्हाताऱ्यांवरचे बहुतेक अभ्यास मागच्या नोंदी चाळून केलेले आहेत. त्यांत दुर्बिणीच्या गटात छातीचे त्रास कमी दिसतात, पण सर्जन मुळात धडधाकट म्हातारेच दुर्बिणीसाठी निवडतात, हेही त्यात मिसळलेलं असतं. म्हणून वयाच्या आकड्यापेक्षा कस बघायला हवा. जिना चढता येतो का, स्वतःची आंघोळ करतात का, गेल्या सहा महिन्यांत पडलेत का, विसरभोळेपणा वाढलाय का. इकडे हे सगळं ऑपरेशनआधी तपासतात. तुमच्याकडे कुणी विचारलं नाही तर तुम्हीच डॉक्टरांना सांगा. मळ्यापर्यंत चालतात, ही सांगायचीच गोष्ट आहे.

शेक झाल्यावर एमआरआय परत करायला सांगा. गाठ बरीच आटली तर बेत बदलू शकतो. काही पेशंटमध्ये ती पूर्ण विरघळते आणि मग ऑपरेशन टाळून बारकाईने लक्ष ठेवता येतं. ब्राझीलच्या आंजेलिता हाब्र-गामा यांनी हा मार्ग २००४ मध्ये मांडला. पाच दिवसांच्या शेकाने एकट्याने असं क्वचित होतं, त्यावर भिस्त ठेवू नका. पण बघायला हवं.

निवृत्त_ओटी_सिस्टर

आले. पिशवी.

७ सेंमीवर बहुतेक वेळा आतडं खाली परत जोडता येतं. पण तो जोड शेक दिलेल्या जागेत, त्यात शुगर. तो गळला तर म्हातारं माणूस ते सोसत नाही. म्हणून जोडाला विश्रांती देण्यासाठी लहान आतडं काही महिने पोटावर काढतात. ही तात्पुरती पिशवी. सासूबाईंनाही हीच होती. तिच्यात एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. लहान आतड्यातून पातळ पाण्यासारखं येतं, आणि म्हाताऱ्या शरीरातलं पाणी-मीठ भराभर संपतं. सासूबाईंना घरी आणल्यावर आठव्या दिवशी चक्कर येऊन पडल्या, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण, परत ॲडमिट. त्यानंतर मी प्लॅस्टिकचा मापाचा जग आणला. पिशवी रिकामी करताना जगात, आकडा कॅलेंडरवर. दीड लिटरच्या वर गेलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. नुसतं पाणी पाजत बसू नका, ओआरएस द्या. नुसत्या पाण्याने उलट जास्त वाहतं.

दुसरा रस्ता म्हणजे जोडायचंच नाही, मोठ्या आतड्याची कायमची पिशवी. ऐकायला वाईट वाटतं. पण दादांना आत्ताच, आजाराच्या आधीपासून, संडास धरवत नसेल, खोकताना कपडे खराब होत असतील, तर जोड दिल्यावर दिवसातून दहा-बारा वेळा पळावं लागतं. रात्री गुडघेदुखीत उठून संडास गाठणं ७६ व्या वर्षी सोपं नसतं. जोड असलेली, पण संडासापासून लांब जायची भीती वाटते म्हणून घराबाहेर न पडणारी माणसं मला माहीत आहेत. दादांना एकटं गाठून तुम्हीच विचारा. मुलाला सांगतील, डॉक्टरांच्या केबिनमध्ये आईसमोर सांगणार नाहीत.

पैशाचंही बघून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. हॉस्पिटल त्या यादीत आहे का आणि दुर्बिणीत लागणारे स्टेपलर पॅकेजमध्ये धरलेत का, दोन्ही ॲडमिट व्हायच्या आधी विचारा.

येरळाकाठ

काल दादांना मळ्यात गाठलं. विहिरीवर बसून विचारलं. संडास धरवतो, काही त्रास नाही म्हणाले. जिना चढतात, पडलेले नाहीत. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तीस वर्षं गाडी चालवली, ब्रेक निकामी झालेली गाडी कधी रस्त्यावर काढली नाही. करून घेऊ." चुलतेही तिथेच होते, ते काही बोलले नाहीत.

पुण्याच्या सरांना फोन केला. त्यांनी आकडे सांगितले, वर्षाला चाळीसच्या आसपास, त्यातली दोन-तीन उघडावी लागतात. सोमवारपासून शेक सुरू. ऑपरेशन दुर्बिणीतून, जोड आणि तात्पुरती पिशवी, असं ठरतंय. जग आजच आणला.

आता दादांनी पहिल्यांदाच एक प्रश्न विचारलाय आणि मला उत्तर देता आलं नाही. ते धोतर नेसतात, पँट निवृत्तीनंतर घातलीच नाही. पिशवीवर धोतर नेसता येतं का?

तलाठी_आप्पा

येतं. मी ७२ वर्षांचा, माझी पिशवी कायमची, पाच वर्षं झाली. गाठ अगदी खाली होती म्हणून जोडता आलं नाही. मी पंढरपूरला जाऊन आलोय धोतरात. फक्त निरी जिथे खोचता तिथे पिशवीचं तोंड येता कामा नये. माझं ऑपरेशनआधी झोपवून खूण केली, आणि नंतर बसलो की पोटाची घडी बरोबर तिथे. दीड वर्ष पिशवी सुटायची.

निवृत्त_ओटी_सिस्टर

आप्पांनी लाखमोलाचं सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमा नर्स (पिशवीचं काम बघणारी सिस्टर) किंवा सर्जन पोटावर पेनाने खूण करतात. त्या वेळी दादांना हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये नेऊ नका. धोतर नेसवूनच न्या, रोज जिथे खोचतात तिथे खोचलेलं. उभं राहून, खुर्चीत बसून, खाली वाकून, तीनही वेळा बघायला सांगा. आणि खूण दादांना स्वतःला दिसते का ते बघा, चष्मा घालून.